आधी खेळून बघा, मग पोराला बोला

कारखान्याची निवडणूक, पाण्याचं आवर्तन, बसस्टँडचे खड्डे हे सगळं पुढच्या आठवड्यात. आजचा विषय बंदुकीच्या खेळाचा. म्हणजे बीजीएमआय. कंपनीनं नाव बदललं तरी कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत सगळे त्याला अजून पबजीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझं वय ४६. चष्म्याचा नंबर वाढलाय, अंगठे जाड आहेत. गेले सहा महिने मी रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास हा खेळ शिकतोय. बायको म्हणते, "बातम्या संपल्या का गावातल्या?" पोरगं सुरुवातीला लाजत होतं, आता मला टीममध्ये घेतं, तेही दुसरा कुणी ऑनलाईन नसेल तर.

हे खूळ डोक्यात का शिरलं ते आधी सांगतो. कारण त्यात माझी एक चूक आहे.

२०१९ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. तेव्हा पबजीचा जोर होता. वाळवा तालुक्यातल्या एका गावातलं पोरगं नापास झालं. शेजाऱ्यानं मला सांगितलं, "साहेब, दिवसरात्र मोबाईलवर गोळ्या मारतंय." मी बातमी केली. मथळा होता 'पबजीच्या नादात दहावीची दांडी'. नाव छापलं नाही, पण गाव छापलं आणि बापाचा धंदा छापला. गावात तो धंदा करणारा माणूस एकच होता. म्हणजे नाव छापल्यासारखंच झालं. पोराला मी भेटलो नव्हतो. बापाला फोनसुद्धा केला नव्हता. आणि तो खेळ म्हणजे नक्की काय असतो हे मला शष्प माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मोबाईलचा डिस्प्ले गेला. कऱ्हाडात एका दुकानात टाकला. दुरुस्ती करणाऱ्या पोरानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि म्हणालं, "काका, तुम्ही पेपरवाले ना? माझी बातमी तुम्हीच दिलेली."

मला आठवेना. त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि माझे हातपाय गार पडले.

ते शांतपणे स्क्रू काढत बोलत होतं. "काका, मी खेळत होतो हे खरं आहे. पण त्या वर्षी आई चार महिने सांगलीला दवाखान्यात होती. मी आणि धाकटी बहीण घरी. रात्री भीती वाटायची म्हणून मित्रांबरोबर हेडफोन लावून खेळायचो. बातमी आल्यावर पोरं शाळेच्या गेटवर मला 'पबजी' म्हणून हाक मारायला लागली. परत फॉर्मच भरला नाही मी." मग थांबून म्हणालं, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

डिस्प्लेचे पैसे देऊन मी बाहेर आलो. घरी येऊन जुनी कात्रणं काढली. त्या वर्षी राज्याचाच दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकल्याचा त्यात मोठा वाटा होता. ही आकडेवारी माझ्याच पेपरात पहिल्या पानावर होती. आतल्या पानावर मी एका पोराच्या नापास होण्याचं खापर मोबाईलवर फोडून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो आणि म्हणालो, "मला हा खेळ शिकव." ते हसलं आणि शिकवला. तर आजच्या या टिपा त्या पोराच्या आहेत, माझ्या पोराच्या आहेत, आणि थोड्या माझ्या मार खाण्याच्या. नवीन खेळणाऱ्यांसाठी आहेत. पण खरं सांगायचं तर त्या मी आईबापांनी वाचाव्यात म्हणून लिहितोय.

खेळ काय आहे ते थोडक्यात. विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या टाकतात. हातात काही नसतं. घरांतून बंदुका, औषधं, हेल्मेट शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. शेवटी जो उरला तो जिंकला. एरँगेल नावाचा जो जुना नकाशा आहे तो आठ बाय आठ किलोमीटरचा. चौघांची टीम करून खेळता येतं, एकट्यानं पण खेळता येतं.

आता टिपा.

१. उडी कुठं मारायची ते विमानातच ठरवा. नवीन माणूस सगळे जिथं उतरतात तिथंच उतरतो. पोचिंकी, स्कूल, मिलिटरी बेस. तिथं सामान भरपूर मिळतं हे खरं, पण ते उचलायला तीसचाळीस जण आलेले असतात. मी पहिल्या आठ मॅच पोचिंकीत उतरलो आणि आठही वेळा बंदूक सापडायच्या आधी मेलो. विमानाच्या रेषेपासून लांब, दोनचार घरांची वस्ती बघा. वस्तीवर राहणाऱ्या माणसाला गावातल्या भांडणाचा त्रास कमी असतो, तसंच.

२. पहिल्या विजयानं हुरळू नका. सुरुवातीच्या मॅचमध्ये समोर बरेचसे बॉट असतात, म्हणजे माणसं नसून कॉम्प्युटरचे पुतळे. ते सरळ चालतात, उभं राहून नेम चुकवतात. मी चौथ्या दिवशी सात जणांना मारून 'चिकन डिनर' मिळवलं आणि सगळ्या घराला उठवलं. पोरगं म्हणालं, "पप्पा, त्यातले सहा बॉट होते." कंपनीला तुम्ही टिकायला हवे असता, म्हणून आधी गोड खाऊ घालतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

३. लूट करताना डोकं वापरा. क्रम असा: आधी कुठलीही एक बंदूक, मग जॅकेट आणि हेल्मेट, मग औषधं, शेवटी दुर्बिणी. गोळ्या बंदुकीप्रमाणं असतात. एकेएमला ७.६२ लागतात, एम४१६ ला ५.५६. नवीन खेळाडू पिशवीत दिसेल त्या गोळ्या भरतो आणि औषधाला जागा राहत नाही. बँडेज आणि फर्स्ट एड किटनं तब्येत ७५ टक्क्यांपर्यंतच येते, त्याच्या वर एनर्जी ड्रिंक किंवा पेनकिलरसारख्या गोष्टींनी जाता येतं. हे मला तीन आठवडे कळलं नव्हतं. मी बँडेज बांधतच बसायचो.

४. झोनची वाट बघत बसू नका. बेटावर एक निळं वर्तुळ असतं, ते आकसत जातं. वर्तुळाबाहेर राहिलात की तब्येत कमी होत जाते. सुरुवातीला हळूहळू, शेवटी शेवटी झपाट्यानं. चांगलं घर सापडलं म्हणून लोक तिथंच बसतात आणि मग धावत सुटतात. धावत येणाऱ्याला टिपायला आत बसलेले तयार असतातच. नकाशाकडं दर दोन मिनिटांनी बघा आणि लवकर निघा.

५. हेडफोन लावा आणि ऐका. या खेळात डोळ्यांपेक्षा कानाचं काम जास्त. पावलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, गाडी कुठल्या दिशेनं येतेय ते. तुम्हाला दुसऱ्याचं ऐकू येतं तसं दुसऱ्याला तुमचं. घरात शिरताना वाकून चाला. दिसला शत्रू की मारली गोळी असं करू नका, प्रत्येक गोळी तुमचा पत्ता सगळ्यांना सांगते.

६. उघड्या रानातून पळू नका. ही टीप मला एका निवृत्त सुभेदारांनी दिली. आपला सातारा जिल्हा म्हणजे फौजी जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ जवान गमावले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. तर हे सुभेदार आमच्या घरी चहाला आले होते. पोराचा खेळ पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, "याला आडोसा घ्यायचं कळतंय. तुम्हाला कळत नाही." झाड, दगड, बांध, टेकडीची कड. एका आडोशावरून निघायच्या आधी दुसरा आडोसा ठरलेला पाहिजे. टेकडीच्या अगदी माथ्यावर उभं राहू नका, आभाळाच्या पाठीवर माणूस लांबून दिसतो. जाताना सुभेदार आणखी एक बोलले: "आमच्यात फरक एवढाच की आम्हाला परत उडी नव्हती." त्यानंतर माझं पोरगं बराच वेळ गप्प होतं.

७. एअरड्रॉप म्हणजे आमिष. विमानातून पेटी पडते, त्यात भारी बंदूक असते, लाल धूर निघतो. तो धूर सगळ्या बेटाला दिसतो. निवडणुकीत फुकट साड्या वाटतात तिथं काय होतं ते आपण बघितलंय. नवीन असाल तर तिकडं जाऊच नका.

८. मारल्या मारल्या पेटीवर झडप घालू नका. शत्रू पडला की त्याच्या सामानाची पेटी होते. त्याचे साथीदार त्या पेटीवर नेम धरून बसलेले असतात. दहा सेकंद थांबा, आजूबाजूला बघा, स्मोक असेल तर टाका, मग जा.

९. साथीदार पडला तर लगेच धावू नका. टीमच्या मॅचमध्ये गोळी लागलेला माणूस आधी नुसता 'नॉक' होतो, रांगत असतो, त्याला उचलता येतं. पण उचलायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्हीपण जाता. आधी मारणारा कुठं आहे ते बघा, त्याला गुंतवा, धूर करा, मग उचला. आणि उचलल्यावर त्याला शिव्या देऊ नका. चुका सगळ्यांच्या होतात. पोरं माझ्यावर ओरडत नाहीत, फक्त "काका, राहू द्या" म्हणतात. ते शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

१०. रोज पंधरा मिनिटं ट्रेनिंग मैदानात घाला. बंदूक चालवताना नळी वर उचलते, ती बोटानं खाली ओढत ठेवायची असते. हे वाचून येत नाही. बटणांची जागा आपल्या अंगठ्याप्रमाणं बदलता येते, ती बदला. फोन तापला की थांबा.

खेळातल्या टिपा एवढ्याच. यातून तुम्ही पहिल्या वीसमध्ये तरी याल. मी येतो, कधीमधी.

आता खेळाबाहेर टिकायच्या टिपा. या जास्त महत्त्वाच्या आहेत, कारण खेळात मेलं तर पुढची मॅच असते.

पहिली गोष्ट पैशाची. खेळात कपडे, बंदुकीचे रंग घ्यायला यूसी नावाचं चलन लागतं, ते खऱ्या पैशानं मिळतं. भारी कपड्यानं नेम सुधारत नाही, एवढं पोरांच्या डोक्यात बसवा. यूसीपेक्षा मोठा धोका 'फुकट यूसी'चा. लिंक येते, नंबर टाका, ओटीपी सांगा, अमुक ॲप डाऊनलोड करा. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका ताईंच्या खात्यातून असेच १८ हजार गेले. पोरगं भीतीनं तीन दिवस बोललंच नाही, आणि त्या तीन दिवसांत पैसे परत मिळायची आशा गेली. असं झालं तर पहिला फोन १९३० ला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे. जेवढा लवकर फोन, तेवढी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. आणि आईबापांनो, पोरगं येऊन सांगेल असं घरात वातावरण ठेवा. ताईंचं पोरगं पैशाला घाबरलं नव्हतं, माराला घाबरलं होतं.

दुसरी गोष्ट अनोळखी माणसांची. टीममध्ये देशभरातले लोक येतात आणि माईकवर बोलतात. गाव, शाळा, फोन नंबर, फोटो, काही सांगायचं नाही. कुणी घाण बोललं तर म्यूट करायचं, रिपोर्ट करायचं. मुली खेळत असतील तर त्यांना हे दुप्पट सोसावं लागतं. पण म्हणून त्यांनी खेळू नये हा उपाय नाही. सोबत बसा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथं मला आईबापांना एक गुपित सांगायचंय. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. पॉज नावाचं बटणच नाही. एरँगेलची मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्ध्या तासाच्या आसपास चालते. तुम्ही पंचविसाव्या मिनिटाला "जेवायला ये" म्हणून ओरडता, तेव्हा पोरगं शेवटच्या दहात असतं आणि तीन मित्र त्याच्यावर अवलंबून असतात. ते "आलो" म्हणतं आणि येत नाही. तुम्हाला वाटतं पोरगं हाताबाहेर गेलं. आमच्या घरात वर्षभर रोज हेच भांडण होतं. आता आम्ही ठरवलंय: जेवायला बसायच्या अर्धा तास आधी नवीन मॅच सुरू करायची नाही. भांडण संपलं. एवढी साधी गोष्ट मला खेळल्याशिवाय कळली नाही.

चौथी गोष्ट वयाची. २०२१ मध्ये बीजीएमआय आलं तेव्हा कंपनीनं १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा घातली, आणि पालकाच्या फोनवर ओटीपी ठेवला. सात हजार रुपये दिवसाला! आपल्याकडं कितीतरी घरांत ही महिन्याची बाजारहाट आहे. शिवाय वय खोटं टाकलं की मर्यादा गेली. तुमच्या फोनवर असा ओटीपी कधी आला होता आणि तो कुणी वाचला, आठवून बघा.

पाचवी गोष्ट, खेळ आणि व्यसन यातला फरक. जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यात नुसते तास मोजलेले नाहीत. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालू आहे, तर त्याला आजार म्हणायचं. तसं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मोबाईल दगडावर आपटून व्यसन सुटत नाही.

आता सार्वजनिक गोष्टीकडं येतो.

या खेळावर आपण सगळे उपाय करून बघितलेत. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. कारण चीनचं होतं, पोरांचं नव्हतं, पण आमच्या पारावर लोकांनी पेढे वाटल्यासारखं केलं. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये शाळेनंच घराघरात मोबाईल घ्यायला लावला होता. ज्या घरात मोबाईल नव्हता तिथं शेळी विकून आला. पोरं पबजीवरून फ्री फायरवर गेली. जुलै २०२१ मध्ये पबजी नाव बदलून परत आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय पुन्हा गेलं, मे २०२३ मध्ये पुन्हा आलं. एवढ्या ये-जा मध्ये आमच्या गल्लीतलं एक पोरगं पुस्तकाकडं वळल्याचं मी बघितलं नाही. मैदानावर गेल्याचंही नाही, कारण मैदानात आता पार्किंग आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं मानलं. पैसे लावायचे खेळ बंद झाले याचं मी स्वागत करतो. ऊसबिलाचे पैसे रमीत घालवलेले तरणे बाप मला माहीत आहेत. पण त्यांच्यावर कुणी 'रमीच्या नादात' असा मथळा देऊन गाव छापलं नाही. पोरांचं मात्र छापलं. हा आमचा न्याय.

आणि आपल्याच भागातलं एक उदाहरण सांगतो, ज्यात बंदी नव्हती. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि त्याची बातमी जगभर गेली. लोकांनी भोंग्याचं कौतुक केलं. मला त्यात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तिथं फक्त पोरांचा मोबाईल बंद करायचं ठरलं नाही. बापाचा पण बंद, आईची मालिका पण बंद. मोठी माणसं स्वतः आधी बसली, म्हणून पोरं बसली. आमच्या घरात मी रात्री अकरापर्यंत ग्रुपवर राजकारण करत होतो आणि पोराला सांगत होतो, मोबाईल ठेव. ते कशाला ऐकेल?

माझं म्हणणं ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला एवढंच आहे. भोंगा लावायचा तर लावा, पण साडेआठनंतर काय आणि सातच्या आधी काय, ते पण बघा. वाचनालय सहाला बंद होतं, ते आठपर्यंत उघडं ठेवा. मैदानावर दोन दिवे लावा. पोरगं मोबाईलमध्ये का शिरतं, याचं उत्तर बऱ्याच वेळा मोबाईलच्या बाहेर असतं. त्या पोराच्या बाबतीत ते सांगलीच्या दवाखान्यात होतं.

पोरांना पण एक सांगतो. यूट्यूबवर खेळून कोट्यधीश झालेल्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत, माझ्या पोराला पण आहेत. ते खरं आहे. पण शंभर जणांच्या मॅचमध्ये चिकन डिनर एकाच टीमला मिळतं, आणि या धंद्यात तर उडी मारणारे लाखो आहेत. खेळाची आवड खरी असेल तर खेळ बनतो कसा तेही बघा. पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' नावाचा असाच शेवटपर्यंत टिकायचा खेळ काढला. त्यात प्रोग्रॅम लिहिणारे, चित्रं काढणारे, आवाज देणारे लोक लागतात. सातारा-सांगलीहून पुणे काही परदेश नाही.

शेवटचं, माझ्या धंद्याचं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं की बातमीत ज्याच्यावर बोट ठेवता त्याची बाजू घ्या. मी ते मोठ्या माणसांच्या बातमीत पाळतो. आमदाराला फोन केल्याशिवाय एक ओळ छापत नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या बातमीत पाळलं नाही, कारण ते मला काही करू शकत नव्हतं. त्या बातमीचा खुलासा सहा वर्षांनी छापून उपयोग नाही, आणि त्यानंच सांगितलं की आता परत गावाचं नाव नको. म्हणून ही पोस्ट. यात त्याचं नाव नाही, गाव नाही, दुकान नाही. ओळखायचा प्रयत्न करू नका.

त्यानं यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. फॉर्मसाठी जुना शाळा सोडल्याचा दाखला लागत होता, तो आणायला मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. गेटवर ते जरा थबकलं. मी काही बोललो नाही. तेच म्हणालं, "चला काका, झोन येतोय."

आता बसतो अभ्यासाला. दुकान बंद झाल्यावर, साडेआठ ते दहा. त्या वेळात मी त्याला ऑनलाईन बोलवत नाही. दहानंतर एक मॅच असते. काल शेवटच्या पाचात आलो होतो. मी उघड्यावर पळालो आणि घालवली.